पूर्वजाचा माग

राजघराण्याची वंशावळ दरबारांत लिहिली जाते. वतनदाराची त्याच्या वतनाच्या कागदांत टिकून राहते. परंतु ज्याच्यापाशीं ना जमीन, ना वतन, अशा मजुराची हकीकत कोण लिहून ठेवणार, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. तथापि मजूर कागदांतून अजिबात निसटलेला असतो असें नाहीं. त्यानें स्वतः कांहीं लिहिलेलें नसलें, तरी त्याला मोजणाऱ्यांनीं लिहिलेलें असतें. गांवानें त्याचा जन्म मोजला, शाळेनें त्याच्या मुलांची हजेरी मोजली, गिरणीनें त्याचें काम मोजलें, नगरपालिकेनें त्याचें बिऱ्हाड मोजलें. त्याला कोणीं व कोणत्या हेतूनें मोजलें हें ध्यानांत घेतलें, म्हणजे कोणत्या दप्तरांत पाहावयाचें हें बरेंचसें कळून येतें.

अक्कलकोटच्या बाबतींत या शोधाला एक विशेष गुंता आहे. १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळीं अक्कलकोट हें ४९८ चौरस मैलांचें व ८२,०४७ वस्तीचें स्वतंत्र संस्थान होतें. एका अंगास इंग्रजी अमलांतील सोलापूर जिल्हा, तर दुसऱ्या अंगास निजामाचा मुलूख. १९४८ च्या मार्च महिन्यांत संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व पुढें सोलापूर जिल्ह्यांतील एक तालुका म्हणून राहिलें. तोंपर्यंत येथील मजूर सोलापुरास कामाला गेला, म्हणजे तो एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाई. त्याचा जन्म एका सरकारच्या कागदांत, तर मजुरी दुसऱ्या सरकारच्या हद्दींत, अशी त्याच्या आयुष्याची वांटणी झालेली आहे.

ही वाट कशी पडली हेंही पाहण्यासारखें आहे. आगगाडी १८६० सालीं सोलापुरास पोंचली आणि १८७१ पर्यंत तिचे रूळ रायचूरपर्यंत गेले. हा लोहमार्ग संस्थानच्या मुलखांतून गेला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्यें भयंकर दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास, १८७७ सालीं, सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्या आल्या. कोरडवाहू शेतीवर न भागणारीं कुटुंबें भोंग्याच्या हाकेला ओ देऊं लागलीं, तीं अशा रीतीनें.

शोधाचा आरंभ घरांतूनच करावा. जुनीं माणसें साल सांगत नाहींत, प्रसंग सांगतात. पण प्रसंगाला साल असतें. ‘मोठ्या तापांत आजी गेली’ याचा अर्थ बहुधा १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ‘रझाकारांच्या वेळीं गांव सोडलें’ म्हणजे १९४७-४८. मात्र ‘दुष्काळांत आलों’ एवढेंच कानीं आलें तर सावध राहावें. कारण १८७६-७८ नंतर १८९६-९७ व १८९९-१९०० सालींही दुष्काळ पडले होते. अशा वेळीं त्याच घरांतील दुसऱ्या एखाद्या प्रसंगाशीं मेळ घालून साल ठरवावें लागतें.

यानंतर गांवाची पाळी येते. गांवांतील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांना ‘कोतवाल बुक’ म्हणतात, आणि त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत पाहावयास मिळतात. जुन्या नोंदी पुष्कळदां मोडी लिपींत असल्यामुळें जाणत्या वाचकाची मदत घ्यावी लागते. जन्माच्या नोंदींत बाळाचें नांव शोधून उपयोग नसतो. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेंच तेथें सांपडतें. म्हणून बापाचें नांव आधीं ठाऊक असावें लागतें. कुटुंबाची थोडीबहुत जमीन असेल, तर फेरफाराच्या वहींतील वारसनोंद फार मोलाची ठरते. बाप वारल्यावर सर्व मुलांचीं नांवें तेथें चढतात. सोलापुरास गेलेला धाकटा मुलगाही त्यांत सांपडण्याचा संभव असतो.

मजूर स्वतः शाळेंत गेला नसेल, पण त्याचा भाऊ किंवा मुलगा गेला असेल. शाळेच्या सर्वसाधारण रजिस्टरांत बापाचें नांव, जात व जन्मस्थळ यांचे रकाने असतात. जन्मतारखेवर मात्र फारसें विसंबूं नये. पुष्कळ मुलांची तारीख गुरुजींनीं १ जून अशी अंदाजानें घातलेली आहे. याखेरीज सीमाभागांत हेळवी नांवाचे फिरते वंशावळीकार आहेत. ते ठरलेल्या घरीं येऊन पिढ्यांचीं नांवें सांगतात व नवीं नांवें आपल्या वहींत टिपून घेतात. पंढरपूर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंच्या कुळांच्या व गांवांच्या नोंदी असतात.

शहरांत आल्यावर कागदांची जात बदलते. गिरणींत शिरकाव जॉबराच्या हातून होई, आणि बदलीवर काम करणाऱ्याचें नांव कायम कामगारांच्या यादींत शोधून सांपडत नाहीं. ज्यांचें काम कायम झालें, त्यांच्यासाठीं १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा उपकारक ठरला. कापडधंद्यास तो आरंभापासून लागू होता. त्याखालीं भरलेल्या वारस-नेमणुकीच्या अर्जांत बापाचें नांव व कायमचा पत्ता द्यावा लागे. एखाद्या घरीं जुन्या पेटींत त्याची प्रत निघाली, तर गिरणी व गांव एकाच कागदावर भेटतात. अपघात झाला असल्यास १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालीं चाललेल्या प्रकरणांत वारसांचीं नांवें येतात. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी बंद कंपनीचे कागद न्यायालयानें नेमलेल्या अवसायकाच्या ताब्यांत जात असतात. तेथें चौकशी करतां येते.

राहण्याची जागा नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वहींत पाहावी. मालकाच्या नांवाखालीं थांबूं नये. भोगवटादाराचा रकाना वाचावा, कारण मजूर तेथें असतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक प्रौढास मत मिळालें. त्यामुळें ज्याच्या नांवावर कांहींच मालमत्ता नव्हती, त्याचेंही नांव त्या वेळच्या मतदार याद्यांत शोधतां येतें. खानेसुमारीचा मात्र येथें उपयोग नाहीं. तिच्यांतून बेरजा प्रसिद्ध होतात, माणसाची वैयक्तिक माहिती गोपनीय राहते.

सर्वांत मोठी फसगत नांवांत होते. कानडी बोलणाऱ्या घरांतला भीमण्णा हजेरीपटावर नुसता ‘भीमा’ होतो, आणि नातवाच्या दाखल्यावर तोच ‘भीमराव’ म्हणून येतो. नांवाची ही चढउतार लिहिणाऱ्यानें त्याला दिलेल्या मानाची आहे, माणूस एकच. आडनांवही एका कागदांत गांवावरून, तर दुसऱ्यांत धंद्यावरून पडलेलें असतें. कालगणनाही निरनिराळ्या: शक असेल तर ७८ मिळवावे, निजामी मुलखांतील फसली सन असेल तर सुमारें ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. यासाठीं एका नांवावर कधींही विश्वासूं नये. बापाचें नांव, गांव व अदमासें वय हीं तिन्ही जुळलीं, तरच तो आपला माणूस समजावा.

इतकी काटेकोरपणाची गरज काय, असें कोणी म्हणेल. ती केवळ हौसेची नाहीं. महाराष्ट्रांत जातीच्या दाखल्याची पडताळणी होतांना पूर्वजांचें राज्यांतील वास्तव्य ठराविक दिवसापूर्वींचें असल्याचें दाखवावें लागतें: अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७. अक्कलकोटचा तालुका आज कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. पणजोबा त्या दिवशीं सीमेच्या अलीकडे राहत होते कीं पलीकडे, यावर पणतवाचा महाविद्यालयांतील प्रवेश अवलंबून राहतो. जमीनदाराच्या घरीं सातबारा काढून दाखवला कीं काम बरेंच हलकें होतें. भूमिहीनाच्या घरीं मात्र कोतवाल बुकांतील एक ओळ किंवा शाळेच्या रजिस्टरांतील एक रकाना सारा भार वाहतो.

म्हणून ज्यांच्या घरीं अजून ऐंशीच्या पुढचें माणूस आहे, त्यांनीं प्रथम त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्या: पणजोबांच्या बापाचें नांव, त्यांचें मूळ गांव आणि शहरांतील पहिलें बिऱ्हाड कोणत्या पेठेंत होतें तें. मग त्या आधारें तहसील कचेरींत नकलेचा अर्ज करावा. कागद आणखी कांहीं वर्षें वाट पाहतील. सांगणारें माणूस तेवढें थांबेलच असा भरंवसा नसतो.