जोतीरावांचे चार धर्मांचे घर

पुण्यात राहतो आणि मंडई माहीत नाही, असा माणूस सापडायचा नाही. शुक्रवार पेठेतली ही मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. नवल असे, की जोतीराव स्वतः नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते.

मंडईत भाजी घेताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. कोथिंबिरीची जुडी ताजी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. पण हीच माणसे पिशवी घेऊन घरी परतली की काय होते? शेजारणीने पाठविलेले ताट उंबरठ्यावरच अडते. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते. मुलीने दुसऱ्या धर्मातला मुलगा पसंत केला, की घरातली चूल दोन दिवस पेटत नाही.

आज ठिकठिकाणी सर्वधर्म संमेलने भरतात. व्यासपीठावर चार धर्मांचे चार पुढारी हात धरून उभे राहतात, फोटो निघतो. ते वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण धर्माधर्मांतल्या संवादाची खरी परीक्षा आपल्या उंबरठ्याच्या आत होते, असे आमचे मत आहे. मंडईच्या आसपासच्या पेठांचा इतिहासही हेच सांगतो.

चहाच्या पेल्याचे प्रायश्चित्त

मंडईपासून थोडे चालत गेले की गुरुवार पेठेत पंचहौद मिशन लागते. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली नामवंत मंडळी जमली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. पुढे या मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि सनातन्यांनी गहजब केला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी रानड्यांसारख्या मोठ्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

वाचकहो, विचार करा. ही शिकलीसवरलेली माणसे होती. समोर बसून व्याख्यान ऐकायला हरकत नव्हती, पण त्याच घरचा चहा पोटात गेला की धर्म बुडत होता! अशा ठिकाणी संवाद व्हायचा कसा?

याच शहरात गंज पेठेत जोतीरावांनी १८६८ सालीच आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे चहाचा गहजब झाला त्याच्या बावीस वर्षे आधी! आधी पाणी, मग गोष्टी, असा त्यांचा क्रम होता.

एका छपराखाली चौघे

पंचहौदचे प्रकरण गाजू लागले त्या दिवसांत जोतीराव अंथरुणाला खिळलेले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते. तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी एक ग्रंथ पुरा केला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या नावाने तो १८९१ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात जोतीरावांनी एका घराची कल्पना मांडली आहे. त्या घरातली बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून, तिला पटल्यास, बौद्ध होते. तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते आणि मुलगा सत्यधर्मी होतो. आणि हे चौघे एकमेकांचा हेवा न करता, प्रेमाने एकाच घरात राहतात!

भगिनींनो, यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली म्हणजे येथे प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवितो. दुसरी म्हणजे बायको नवऱ्याच्या मागे जात नाही आणि लेक बापाच्या मागे जात नाही. ज्या काळात बाईला स्वतःचे मत आहे हेच कोणी मानीत नव्हते, त्या काळात जोतीरावांनी तिला धर्म निवडण्याचा अधिकार दिला.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. लहानपणी जोतीरावांची शाळा सुटली होती. ती पुन्हा सुरू करा, असे त्यांच्या वडिलांना समजावणारे दोघे होते: गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब, एक मुसलमान व एक ख्रिस्ती. पुढचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. सावित्रीमाईंनी १८५६ साली माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची काळजी आहे. आपल्या मागे तिला कामाचा त्रास पडत असेल, असे माईंना वाटते. आणि पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्यांच्यावर चहूकडून टीका झाली, तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. रमाबाईंचा धर्म जोतीरावांचा नव्हता. त्यांनी राखला तो रमाबाईंचा निवडण्याचा हक्क.

बाबासाहेबांची कसोटी

बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले, हे आपण जाणतोच. १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यावर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत त्यांनी एकवीस वर्षे घेतली. निरनिराळे धर्म तपासले, समतेच्या कसोटीवर घासून पाहिले. आधी वाचा, मग ठरवा, हीच ती रीत. ज्याने आपला धम्म असा पारखून घेतला, त्याला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची भीती कशाला? सम्राट अशोकानेही आपल्या बाराव्या शिलालेखात सांगून ठेवले आहे, की दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो.

काही जण विचारतील, मग आम्ही बावीस प्रतिज्ञा सोडायच्या काय? मुळीच नाही. शेजारच्या घरी गणपती बसला तर पूजा न करताही त्यांच्या आनंदात सामील होता येते, आणि आम्ही पूजा का करीत नाही हे गोडीने सांगताही येते. आपले मत लपवून केलेला गोडवा फार दिवस टिकत नाही. मात्र समोरच्यानेही आपल्याला बरोबरीचे मानले पाहिजे. आमच्या घरचे पाणी नको पण जयंतीच्या मंचावर भाषण हवे, अशा पाहुण्याला तसे स्पष्ट सांगावे.

आपल्या घरापासून

यंदाच्या ११ व १४ एप्रिलला भाषणांच्या आधी वस्तीतल्या मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू शेजारणींना जेवायला बोलवा. त्यांच्या सणाला त्यांच्या घरी जा. धर्मावर वाद घालू नका. तुमच्या घरी बारसे कसे करतात, मयत झाल्यावर काय करतात, असे साधे विचारा. मुलांच्या हाती सगळ्या धर्मांची पुस्तके पडू द्या.

आणि घरातल्या मुला-मुलीने दुसऱ्या धर्मातला जोडीदार निवडला, तर आधी ऐकून घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये दोघांपैकी कोणालाही धर्म न बदलता लग्न करता येते. मुलाचे वय २१ व मुलीचे १८ पूर्ण हवे आणि विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मुलीने नाव बदलावे, धर्म बदलावा, असा आग्रह कोणी धरीत असेल, मग ते सासर असो की आपणच, तर तिच्या बाजूने उभे राहा. जोतीरावांच्या त्या घरात लेकीला कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्या घरातही होता कामा नये.