पकडीतला दुसरा हात

महाविद्यालयाचा कबड्डी संघ बांधायचा तर सुरुवात कुठून करायची, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: आधी एक तगडा रेडर शोधा, बाकीचे सहा मिळतात. मैदानाभोवतीची गर्दी त्याच्याकडेच बघते, पारावर चर्चा त्याचीच होते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘चौफेर चढाया’ त्याच्याच नावावर छापून येतात. नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या तिसगावसारख्या गावांतल्या मुलांवर ज्या महाविद्यालयांचे संघ उभे राहतात, त्यांच्या बाबतीत मला हे उत्तर चुकीचं वाटतं. त्याने संघ तर कच्चा राहतोच, वर मुलांचंही नुकसान होतं. असा संघ पकडीपासून बांधायला हवा. आणि पकडीतही जो पहिली झेप घेतो त्याच्यापासून नव्हे, तर जो त्याच्या मागोमाग जातो त्याच्यापासून.

आधी प्रशिक्षकाच्या हाती काय असतं ते बघू. अमेरिकेत लॅक्रॉससारख्या खेळाचे महाविद्यालयीन प्रशिक्षक शाळाशाळांत जाऊन मुलं हेरतात आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना आपल्याकडे आणतात. आपल्याकडे क्रीडा संचालक प्रवेशयादी लागण्याची वाट बघतो. कबड्डी, खो-खो, क्रॉसकंट्री, क्रिकेट असं सगळंच बहुधा त्या एका माणसाकडे असतं, आणि मैदानाला पाणी मारण्यापासून फक्की टाकण्यापर्यंतची कामं पोरांना सोबत घेऊन तोच करतो. ज्यांना करंजी घाट ओलांडून नगरला राहणं परवडतं ती मुलं तिकडे जातात. बाकीची पाथर्डीला किंवा आदिनाथनगरला येतात. पदवी तीन-चार वर्षांची, त्यामुळे जमलेल्या संघातले काही जण दर उन्हाळ्यात निघून जाणार हे ठरलेलंच. त्यात पाथर्डी तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की कोयते बाहेर पडतात, गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि आंतरमहाविद्यालयीन व आंतरविभागीय स्पर्धा बऱ्याचदा नेमक्या याच दिवसांत येतात. आईवडील कारखान्यावर गेलेल्या घरातला थोरला मुलगा घरची जनावरं आणि धाकटी भावंडं सांभाळून सरावाला येतो, आणि एखाद्या आठवड्यात येऊ शकत नाही. एका रेडरवर उभा केलेला संघ अशा एका गैरहजेरीने बसतो. त्यामुळे कोण आला, कोण नाही यावर फार अवलंबून नसलेलं असं काहीतरी संघात आधी तयार करावं लागतं.

ते काय, हे कळायला एक पकड जवळून बघावी लागते. रेडर डाव्या कोपऱ्यावर चाल करून येतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर त्याला बोनस खुला असतो, म्हणून तो एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि मागचा पाय उचलतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका पायावर असतो. कोपऱ्याचा खेळाडू नेमका तेव्हाच खाली झेपावून घोटा धरतो. बघणाऱ्याला पकड इथेच झाली असं वाटतं, पण खरं तर ती आत्ता सुरू झालेली असते. धडधाकट रेडर घोट्याला लटकलेल्या एका माणसाला ओढत मध्यरेषेकडे सरकतो, आणि त्याचं बोट रेषेला लागलं की झटापटीत सापडलेला प्रत्येक बचावपटू बाद होतो. म्हणजे एकट्याने धरलं आणि सुटलं तर एक गुण जातो; शेजारचा ‘इन’ आणि त्याच्या आतल्या बाजूचा ‘कव्हर’ मदतीला गेले आणि तरीही सुटलं तर तीन जातात. मागोमाग जाणाऱ्याला ही किंमत ठाऊक असते. तो जागेवर थांबला तर स्वतः सुरक्षित राहतो, आणि गेला तर दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयापायी स्वतः बाद होण्याची शक्यता पत्करतो. विचार करायला वेळ मिळत नाही. पाय आधी हलतो किंवा हलत नाही, इतकंच. संघ झालाय की नुसती सात पोरं एका अंगणात उभी आहेत, हे मला त्या पायावरून कळतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सामने शेवटी चढाईनेच जिंकले जातात आणि गुण रेडरच आणतो. हिशेब मांडून बघू. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. सगळ्या चढाया पूर्ण वेळ चालल्या तरी ऐंशी होतात आणि त्यांतल्या निम्म्या समोरच्या संघाच्या असतात. निम्मा सामना आपला रेडरसुद्धा बचावाच्या साखळीत उभा असतो. दुसरी गोष्ट बाद-जिवंतची. रेडर पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि बाद झालेले त्याच क्रमाने परत येतात. त्याच्या आधी दोघे बाहेर असतील तर तिसरा गडी बाद झाल्यावरच त्याचा नंबर लागतो; बोनसचा गुण मिळाला तरी त्याने कुणी जिवंत होत नाही. म्हणजे सर्वांत मोठ्या खेळाडूला मैदानात परत आणण्याचं काम उरलेल्या लहान खेळाडूंनाच करावं लागतं, आणि त्यांना कधी कामच दिलं नसेल तर ते त्याला आणणार कसे? प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, 2023 च्या लिलावात, तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले. तोवर एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. पवनने स्वतः दोनशेच्या वर चढाईगुण मिळवले. संघाने 22 सामन्यांत फक्त दोन जिंकले आणि तो तळाला राहिला. त्याच हंगामात गुणतक्त्यात पहिला आलेला आणि 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवून विजेता ठरलेला संघ पुणेरी पलटण. त्यांच्या चढाया अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांच्यात वाटलेल्या होत्या, आणि बचावात मोहम्मदरझा शादलूच्या जोडीला कोपऱ्यापासून कव्हरपर्यंत भरवशाचे खेळाडू होते.

उलट दाखला पाटण्याचा दिला जातो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पाटणा पायरेट्सनी सलग तीन विजेतेपदं मिळवली ती प्रदीप नरवालच्या चढायांवर. 2017 च्या हंगामात त्याने एकट्याने 369 चढाईगुण घेतले. असा खेळाडू हाताशी असेल तर त्याला मोकळं सोडावं, हे मलाही मान्य आहे. पण पुढचंही बघायला हवं. 2018 मध्ये प्रदीप संघात होता, त्याने दोनशेच्या वर गुणही मिळवले, तरी पाटणा बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. तो सोडून गेल्यावर आठव्या हंगामात याच पाटण्याने बचावाच्या जोरावर गुणतक्त्यात पहिलं स्थान घेतलं आणि अंतिम सामना दिल्लीकडून केवळ एका गुणाने गमावला. लिलावात कोट्यवधी मोजू शकणाऱ्या संघालाही रेडरच्या भरवशाचा शेवट कधी होईल ते सांगता येत नाही. ज्याला प्रवेशयादीत जे येईल त्यावर भागवायचं आहे, त्या प्रशिक्षकाने तो भरवसा धरूच नये.

मग करायचं काय? रोजच्या सरावात सातविरुद्ध सात खेळून हे येत नाही, कारण त्यात जो आधीच चांगला आहे तोच सगळं करतो आणि बाकीचे त्याला जागा करून देतात. दोघांचा सराव हवा: एक कोपरा आणि एक इन, हातात हात, समोर एक रेडर, आणि अट अशी की एकट्याने धरलेली पकड मोजायची नाही. मग जोड्या बदलायच्या, कारण उद्या कोण हजर असेल याचा नेम नाही आणि कोपऱ्याला कुणाच्याही शेजारी उभं राहता आलं पाहिजे. त्यानंतर तिघांचा सराव. मैदानात तीन किंवा त्याहून कमी उरलेले असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. हरत आलेला संघ इथूनच उठतो. पकड सुटल्यावर प्रशिक्षक पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावर तर सगळं अवलंबून आहे. ‘धरायला कुणी सांगितलं होतं?’ असं विचारलं की पुढच्या वेळी पोरगा धरत नाही. ‘मागे कोण गेलं नाही?’ असं विचारलं की साखळी हलायला लागते. कप्तानही याच कसोटीवर निवडावा. बहुतेक ठिकाणी कप्तानपद सर्वांत जास्त गुण घेणाऱ्याला मिळतं, आणि तो नेमका सामन्याचा बराच वेळ बाहेर बसलेला असतो किंवा दम लागलेला असतो. कोपऱ्याच्या किंवा कव्हरच्या खेळाडूला समोरचा रेडर आणि आपली साखळी दोन्ही दिसतात. आवाज त्याचाच हवा.

शिस्तीबद्दलही ओरड होते. दरडावल्याशिवाय, दोन ठेवून दिल्याशिवाय गावाकडची पोरं ऐकत नाहीत, असं सांगणारे प्रशिक्षक अजून आहेत. धाकाने पोरं वेळेवर येतील, दंड-बैठकाही मारतील. पण दुसऱ्यासाठी बाद होण्याची तयारी धाकाने येत नाही, कारण धाकातलं पोरगं आधी स्वतःला वाचवायला शिकतं. मदतीला न जाणं त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच असतं.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो पालकांकडून येतो. या भागात कबड्डी हा छंद नाही. विद्यापीठ संघात निवड झाली, तिथून पुढे राष्ट्रीय स्पर्धेत चमक दाखवली, तर शासकीय नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण किंवा एखाद्या कंपनीचा, पोलिसांचा संघ अशी वाट उघडते. कोयता सोडायची ती एक वाट आहे. निवडकर्ते गुण बघतात आणि गुण रेडरच्या नावावर दिसतात. मग संघाच्या नावाखाली एखाद्या हुशार पोराच्या चढाया दुसऱ्यांना वाटून द्यायच्या, हा त्याच्यावर अन्याय नाही का? आहे, जर प्रशिक्षक तेवढ्यावरच थांबला तर. हुशार पोराला त्याच्या चढाया मिळाल्याच पाहिजेत, विशेषतः निवडकर्ते बसलेले असताना. पण त्याला पकडही आलीच पाहिजे. आपल्याच नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार दहाव्या हंगामात सर्वाधिक चढाईगुणांच्या जवळपासही नव्हता; तरी हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला, कारण तो चढाई, पकड आणि नेतृत्व तिन्ही करत होता. वरच्या पातळीवर अष्टपैलू खेळाडूला जास्त मागणी असते, आणि फक्त चढाई येणारा पोरगा विद्यापीठ शिबिरात त्याच्याहून वेगवान दोघे-तिघे भेटले की परत येतो. उरलेल्या सहांचाही विचार करायला हवाच. एका रेडरच्या संघात त्यांना कुठलीच वाट नसते. त्यांच्यासाठी प्रशिक्षकाने स्वतःची एक वही ठेवावी. तीत प्रत्येक पकडीपुढे दोन रकाने असावेत, धरलं कुणी आणि मागोमाग गेलं कोण, आणि सुटलेल्या पकडीही लिहाव्यात. वर्षभर अशी वही भरली, तर निवड चाचणीला पोरगा पाठवताना, अधिकृत गुणपत्रकात ज्याचं नावही येत नाही अशा कव्हरच्या खेळाडूबद्दल निवडकर्त्यांपुढे ठेवण्यासारखं काहीतरी प्रशिक्षकाच्या हातात असेल.