रस्त्याने बेतलेले घर

घराचा आकार जमिनीवरून ठरतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे; भूखंड केवढा, रस्ता कोणत्या अंगाला, सरकारी दप्तरी नोंद कशी, एवढे कळले की गवंड्याची दोरी पडते. अमेरिकेत मात्र गेल्या पंचवीसएक वर्षांत चाकांवरच्या चिमुकल्या घरांची जी वास्तुविद्या उदयास आली आहे, तिच्यातील बहुतेक प्रत्येक माप, ज्या रस्त्याने ते घर न्यावयाचे त्याच्या हुकुमाने ठरते. १९९९ साली जे शेफर यांनी आयोवा राज्यात अशा घरांपैकी एक आद्य घर बांधले, तेव्हा त्यास चाके लावण्यामागे प्रवासाची हौस नव्हती. तेथील बांधकामाच्या नियमांना इतके लहान घर मंजूरच नव्हते, आणि चाके लागताच ती वास्तू कागदोपत्री वाहन झाली. पुढे २०१८ च्या आदर्श निवासी संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले खरे, पण ते पायावर उभ्या असलेल्या घरांपुरते.

वाहन म्हटले की वाहनाचा कायदा आला. विशेष परवान्यावाचून तेथील हमरस्त्यांवर ८.५ फुटांहून रुंद आणि बहुतेक राज्यांत १३.५ फुटांहून उंच काही नेता येत नाही; आपल्याकडील २.६ मीटर रुंदीची मर्यादाही जवळजवळ तेवढीच आहे. या रुंदीतून भिंतींची जाडी आणि उंचीतून ट्रेलरच्या तळाचे दोनेक फूट वजा केले, की उरलेल्या पोकळीत खाली ताठ उभे राहण्याची आणि वर माळ्यावर निजण्याची तजवीज करावयाची असते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना २० फूट लांबीच्या अशा घराचा विस्तार निराळा सांगावयास नको.

तथापि या रचनेचा खरा प्राण एका अदृश्य बिंदूत आहे. तो म्हणजे गुरुत्वमध्य. मोटारीला ट्रेलर ज्या सांध्याने जोडतात त्याभोवती तो डावी-उजवीकडे वळू शकतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून अवजड मालमोटार गेली, की त्याचा मागचा भाग क्षणभर बाजूला सरकतो आणि टायरांची रस्त्यावरील पकड त्याला पुन्हा ओळीत आणते. वेग बेताचा असतो तोवर हे डोलणे दोन-तीन हेलकाव्यांत विरते. वेग वाढेल तसे ते विरावयास अधिक वेळ लागतो, आणि एका विवक्षित वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जाऊन अखेर मोटारीसह सारेच उलटण्याचा प्रसंग येतो. हा घातक वेग किती, हे पुष्कळसे ओझ्याच्या मांडणीवर अवलंबून असते. गुरुत्वमध्य चाकांच्या आसांमागे गेला की हा वेग झपाट्याने खाली येतो; म्हणून एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या सांध्यावर पडलाच पाहिजे, अशी जाणत्यांची ताकीद असते. साडेचार टनांच्या घरात हा भार ४५० ते ६७५ किलो होतो. पण एवढ्याने भागत नाही. स्वयंपाकघर अगदी पुढच्या टोकाला आणि न्हाणीघर अगदी मागच्या टोकाला ठेवूनही काट्यावर हाच आकडा आणता येतो. मात्र टोकांवरचे वजन एकदा हलू लागले की आवरता आवरत नाही. म्हणून शेगडी, पाण्याची टाकी, कपाटे ही जड मंडळी आसांच्या आसपास, किंचित पुढे, बसविणे हेच शहाणपणाचे. आराखड्याच्या कागदावर ते कितीही गैरसोयीचे दिसो. डोलणे सुरू झालेच तर चालकाने मोटारीचा ब्रेक दाबू नये. गती सोडून देऊन केवळ ट्रेलरचे विजेचे ब्रेक हाताने लावावेत, म्हणजे मागून ओढ बसून दोन्ही वाहने सरळ रेषेत येतात.

वेगाचा मोह हवेच्या दृष्टीनेही महाग पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताच तो दीडपटीहून अधिक होतो, आणि घराचा दर्शनी भाग तर सपाट भिंतीचा असतो. शिवाय सततच्या हादऱ्यांनी नुसते खिळे सैल होतात. यास्तव जोडणी स्क्रू आणि सरस यांनी करितात, आणि भिंतींची तळची चौकट ट्रेलरच्या पोलादी सांगाड्याला बोल्टांनी जखडतात.

मुक्कामी पोहोचल्यावर दुसरा शत्रू भेटतो तो म्हणजे पाण्याची वाफ, आणि माझ्या मते नवशिके त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष करितात. शेगडीत एक किलो प्रोपेन वायू जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफरूपाने बाहेर पडते. अशा घरातील जेमतेम ४० घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ७०० ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे धुराडे नसलेल्या शेगडीत अर्धा किलो वायू जाळताच, वायुवीजन नसेल तर, ती हवा संपृक्त होऊन जादा पाणी खिडकीच्या काचांवर, माळ्यावरच्या गादीखाली आणि भिंतीच्या आतल्या लाकडावर उतरू लागते, व तेथे बुरशी धरते. निजलेल्या माणसांच्या श्वासाची भर निराळीच. यावर उपाय दोन: ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारी बंदिस्त शेगडी, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारा पंखा, आणि या दोहोंसाठी लागणारी भोके आराखड्यात, भिंती उभ्या राहण्यापूर्वीच, दाखवावी लागतात.