आर स्क्रिप्टमधून फाइल डिलीट करताना

मागच्या व्हिडिओत आपण हिंगोली-वसमतच्या हळदीच्या रोजच्या भावांच्या फाइली जोडून आरमध्ये महिन्याचा तक्ता केला. आता त्या कच्च्या फाइली स्क्रिप्टनेच कशा काढायच्या?

आधी एक गैरसमज. आरएम ही कमांड फक्त मेमरीतला डेटा काढते, डिस्कवरची फाइल तशीच राहते. फाइल काढायला दोन फंक्शन आहेत, फाइल.रिमूव्ह आणि अनलिंक. मी पहिलं वापरतो. फाइल गेली तर ट्रू, नाही गेली तर फॉल्स, वर वॉर्निंगही. अनलिंक मात्र गप्प. नाव चुकलं, तशी फाइलच नसली, तरी शून्य देतं, म्हणजे ‘काम झालं’! शिवाय त्याला स्टारचं चिन्ह चालतं. ‘हळद’पुढे स्टार टाकला की भावांच्या फाइलींसोबत त्याच फोल्डरमधली हळदविक्रीची बिलंही जातात. आणि हे रिसायकल बिनमध्ये जात नाही बरं का.

बिलांची गंमत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावा लागतो.

म्हणून बिलांचं फोल्डर वेगळंच ठेवा. स्क्रिप्टमध्ये आधी लिस्ट.फाइल्सने यादी काढा, प्रिंट करून नजर मारा, मग तीच यादी फाइल.रिमूव्हला द्या. यादी काढताना फुल.नेम्स ट्रू करा, नाहीतर आर भलत्याच फोल्डरमध्ये शोधत बसतं. तरीही फॉल्स आलं तर बहुतेक वेळा ती फाइल एक्सेलमध्ये उघडी असते. बंद करा, परत चालवा.