क्लचच्या ताठर स्प्रिंगा आणि त्यांची किंमत

घाटाच्या चढणीवर मोटरसायकलीचे एंजिन मोठ्याने गरजू लागते, परंतु गाडीचा वेग मात्र वाढत नाही. एंजिनाची सर्व शक्ती अशा वेळी चाकापर्यंत पोहोचत नसते. पुष्कळदा हा दोष क्लचमध्ये असतो. क्लच घसरत असतो. त्यावर अधिक ताठर स्प्रिंगा बसवाव्यात, असा सल्ला नेहमी दिला जातो. हा उपाय केव्हा योग्य व केव्हा घातक, हे ठरविण्यासाठी क्लचचे कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

मद्रास येथे १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीने बुलेट ही मोटरसायकल भारतात रूढ केली. जुन्या बांधणीच्या बुलेटमध्ये एंजिनाची गती साखळीच्या योगे क्लचकडे आणि तेथून गियरपेटीकडे जाते. क्लचमध्ये तबकड्यांची एक चवड असते. घर्षण-अस्तर लावलेल्या तबकड्या एंजिनाच्या बाजूने फिरतात व त्यांच्यामधील पोलादी तबकड्या गियरपेटीच्या दांड्याशी निगडित असतात. स्प्रिंगा ही चवड सतत दाबून धरतात. चालकाने मुठीजवळील क्लचचा दांडा ओढला म्हणजे तारेने व आतील सळईने दाब-तबकडी उचलली जाते, चवड सैल होते आणि एंजिनाचा चाकाशी असलेला संबंध तुटतो.

या यंत्रणेच्या मुळाशी दोन जुने नियम आहेत. स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, हे गिओम आमोंताँ याने १६९९ साली मांडले. यावरून क्लच किती पीळ वाहून नेऊ शकेल, ते काढता येते. घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षणगुणांक, स्प्रिंगांचे एकूण बल आणि तबकडीची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजेच क्लचची क्षमता होय.

एक काल्पनिक परंतु वास्तवाला धरून असलेले उदाहरण पाहावे. एंजिनाचा पीळ २५ न्यूटन-मीटर असून साखळीमुळे तो क्लचपाशी २.२ पट, म्हणजे ५५ न्यूटन-मीटर होतो. क्लचमध्ये १० घर्षणपृष्ठे, घर्षणगुणांक ०.१२, स्प्रिंगांचे बल १,००० न्यूटन व सरासरी त्रिज्या ०.०६ मीटर असेल, तर क्षमता ७२ न्यूटन-मीटर येते. ती गरजेपेक्षा अधिक असल्याने क्लच घसरत नाही. आता पेटीत अयोग्य तेल घातल्यामुळे घर्षणगुणांक ०.०९ झाला, असे समजावे. क्षमता ५४ वर उतरते आणि पूर्ण जोरावर क्लच घसरू लागतो. घसरण किंचित असली तरी तिची उष्णता किंचित नसते. १० किलोवॉट शक्ती वाहणारा क्लच शेकडा १० घसरला, तर १ किलोवॉट उष्णता निर्माण होते. कपड्यांच्या विजेच्या इस्त्रीइतकी. या उष्णतेने अस्तर करपते आणि घसरण आणखी वाढते.

येथे २० टक्के अधिक ताठर स्प्रिंगा बसविल्या, तर बल १,२०० न्यूटन होऊन क्षमता सुमारे ६५ न्यूटन-मीटर होते व घसरण थांबते. अशी स्प्रिंग करणे कठीणही नाही. स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्यामुळे तार केवळ ५ टक्के जाड घेतली की ताठरपणा सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो.

परंतु मूळ दोष, म्हणजे अयोग्य तेल, पेटीत तसाच राहिला. वाढलेल्या बलाची किंमत चालकाच्या हाताला मोजावी लागते. शहरातील गर्दीत दर काही क्षणांनी क्लच ओढणारा हात लवकर थकतो, आणि थकलेला हात ऐन वेळी चुकतो. तार अधिक ताणली जाऊन लवकर तुटते; सळईची टोके झिजतात. त्यातच स्प्रिंगेचे वेढे पूर्ण उचलीआधीच एकमेकांना टेकले, तर तबकड्या पुरेशा सुटत नाहीत आणि गियर बदलताना खडखडाट होतो.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम तारेला निर्मात्याने सांगितलेली ढिलाई आहे की नाही, ते पाहावे. तार ताठ असेल तर दाब-तबकडी नेहमीच थोडी उचललेली राहते. नंतर तेल पाहावे. मोटारगाड्यांच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. तेलात बुडालेल्या क्लचला ती मानवत नाहीत. त्यानंतर तबकड्यांची जाडी मोजावी. पाच तबकड्या प्रत्येकी ०.३ मिलिमीटर झिजल्या, तर चवड १.५ मिलिमीटरने कमी होते. १० मिलिमीटर दाबलेल्या स्प्रिंगांचे बल तेवढ्यानेच १५ टक्क्यांनी उतरते. शेवटी स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी. त्या आखूड झाल्या असतील, तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा पुरेशा होतात.

स्प्रिंगा नेहमी पूर्ण संच बदलावा. एखादीच नवी बसविल्यास दाब-तबकडी तिरपी होते. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळावेत आणि तबकडी सारखी उचलते आहे, याची खात्री करून घ्यावी.

एंजिनाची शक्ती मुद्दाम वाढविली असेल, किंवा गाडीला नेहमी जड ओझे ओढावे लागत असेल, तेव्हा ताठर स्प्रिंगा हा रास्त उपाय ठरतो. एरवी त्या दुखणे न शोधता दिलेल्या औषधासारख्या असतात. लक्षण नाहीसे होते, पण रोग राहतो. कोणता घटक उणा पडला आहे, हे मोजून ठरविणे आणि तोच पुरा करणे, हीच खरी दुरुस्ती होय.