२८ मार्चचा शुक्रवार

सकाळी ८. ऑफिस उघडायच्या आधीच फोन सुरू. ३१ तारखेला सोमवारी ईदची सुट्टी, म्हणजे २०२४-२५ या वर्षापुरता बाजाराचा आजचाच शेवटचा दिवस. वर्षभर मागूनही कॅपिटल गेनचं स्टेटमेंट न देणारी मंडळी आज पहाटेपासून व्हॉट्सअ‍ॅपवर ओतताहेत.

९.१५. बाजार उघडला. समोर शाळेतले आमचे गणिताचे सर. दिवाळीनंतर शेअर विकून १,४०,००० नफा, सगळा अल्पमुदतीचा. २० टक्क्यांनी कर २८,०००, सेस वेगळा. सप्टेंबरात घेतलेला एक शेअर मात्र ९०,००० नी खाली. तो विकला की नफा उरतो ५०,००० आणि कर १०,०००.

"पण शेअर चांगला आहे रे, मला ठेवायचाय."

"मग परत घ्या सर. आपल्या कायद्यात आडकाठी नाही. फक्त नवी खरेदी स्वस्तातली, म्हणून पुढे विकाल तेव्हा नफा तेवढा जास्त दिसेल. वर्षाची मुदतही नव्याने सुरू होईल."

थोडक्यात, कर पुढे ढकलला. हे वाक्य कोणालाच आवडत नाही.

११. सरांचा फोन. "विकला, आणि लगेच घेतलासुद्धा! ३ रुपये स्वस्त!"

मी डोक्याला हात लावला. त्याच दिवशी विकून घेतला की तो इंट्राडे. डीमॅटमधून शेअर हललाच नाही. ९०,००० चा तोटा जिथल्या तिथे. "सर, साडेतीनच्या आत पुन्हा विका, आणि मंगळवारपर्यंत हात लावू नका."

"आणि मधे वाढला तर?"

त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

२. डबा अर्धा. एका बाईंनी बोनसच्या जेमतेम महिनाभर आधी घेतलेले शेअर विकून तोटा दाखवलाय, बोनसचे शेअर मात्र ठेवलेत. ही युक्ती २०२२ च्या बजेटने शेअरपुरतीही बंद केली. तो तोटा आता बोनस शेअरची किंमत धरला जातो.

३.३०. बाजार बंद. सरांचा मेसेज : 'विकला.'

संध्याकाळी ७. न्यू जर्सीहून एका अशिलाची मुलगी. तिकडे विक्रीच्या आधी किंवा नंतर ३० दिवसांत तोच शेअर घेतला, की तोटा धरत नाहीत, नव्या खरेदीच्या किमतीत मिळवतात. नवऱ्याने घेतला तरी तेच. तिच्या नवऱ्याने परवाच घेतलाय.

९. शटर खाली. तोटा बुक करून उरला असेल, तर रिटर्न मुदतीतच भरा. पुढची ८ वर्षं तो वापरायची सवलत उशिरा येणाऱ्याला मिळत नाही.