परवाना भिंतीवर, धोका गोदामात

७ ऑक्टोबर २०२३ रोजी, दिवाळी महिन्यावर आलेली असताना, बंगळुरूजवळ आनेकल तालुक्यातल्या अत्तिबेले इथे फटाक्यांचा माल उतरवताना दुकान-गोदामाला आग लागली. सुरुवातीला १४ मृत्यूंची नोंद झाली. जखमींपैकी काही जण पुढे दगावले. हंगामापुरतं काम करायला तमिळनाडूतून आलेली तरुण मुलं त्यात होती. फटाक्यांविषयीचे काही समज तपासून पाहायला एवढं कारण पुरेसं आहे.

गैरसमज : परवाना आहे, म्हणजे दुकान सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : परवाना ठरावीक जागेला आणि ठरावीक वजनापुरता मिळतो. २००८च्या स्फोटके नियमांनुसार कायमचं दुकान तळमजल्यावर हवं, वर राहती घरं नकोत, दारं बाहेर उघडणारी हवीत, आणीबाणीची वाट वेगळी हवी. दिवाळीतल्या तात्पुरत्या दुकानांमध्ये किमान ३ मीटर अंतर लागतं. ती समोरासमोर उभारता येत नाहीत. दाराशी खोकी रचली की कागद शाबूत राहतो, पण सुटकेची वाट बंद होते.

गैरसमज : वात पेटवल्याशिवाय फटाका उडत नाही.
वस्तुस्थिती : फटाक्याच्या दारूत इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारं रसायन एकत्रच असतं. त्यामुळे ठिणगी, उष्णता, कधी घर्षण किंवा आदळआपटही पुरते. म्हणूनच गंधक आणि क्लोरेट यांच्या धोकादायक मिश्रणावर भारतात १९९२पासून बंदी आहे. माल उतरवण्याचं काम नवख्या पोरांवर सोपवणं किती घातक आहे, हे यावरून कळावं.

गैरसमज : हरित फटाक्यांनी आग लागत नाही.
वस्तुस्थिती : नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांतून धूलिकण सुमारे ३० टक्के कमी निघतात. फायदा हवेला होतो. साठवणुकीचे नियम त्यांनाही तेच लागू आहेत, कारण आत दारूच असते.

गैरसमज : नियम दुकानदारासाठी, गिऱ्हाइकाचा काय संबंध?
वस्तुस्थिती : रेल्वेतून फटाके नेणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १६४खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरेदीला जाल तेव्हा भावाआधी दुकानाची मागची वाट पाहा. ती अडलेली असेल तर तिथून काही घेऊ नका आणि अग्निशमन दलाला कळवा. तपासणी अधिकारी वर्षातून एखाद्या दिवशी येतो. गिऱ्हाईक हंगामभर येत असतं. आत राबणाऱ्या पोरांसाठी एवढं आपण करायलाच हवं.